लादीच्या खालचं बाथरूम

कोथरूड, डोंबिवली, मुलुंड, नाशिकरोड अशा ठिकाणी १९८० ते १९९५च्या दरम्यान ज्यांनी फ्लॅट घेतले, त्यांच्या बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमचं वर्णन न बघताही करता येतं. भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत सहा इंची पांढऱ्या टाइल्स, त्यांच्या वरच्या भिंतीला ऑइल पेंट आणि पेंटला आलेले पोपडे. जमिनीवर मोझॅक किंवा शहाबादी फरशी. कोपऱ्यात तेल-साबण ठेवायला कडप्प्याची फळी. भिंतीत लोखंडी जीआय पाइप, भिंतीवर पितळी नळ. लाकडी दाराचा खालचा वीतभर भाग पाण्यानं कुजलेला आणि तो झाकायला ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा.

या घरांनी आता तिशी-चाळिशी गाठली आहे. मुलं नोकरीनिमित्त बाहेर पडली, आई-वडील सत्तरीला आले, बादली-तांब्याच्या जागी शॉवर हवासा वाटू लागला, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी छताला आलेली ओल दोनदा येऊन दाखवली. मग बाथरूम नवं करायचं ठरतं. सगळं काम एका ठेकेदाराच्या गळ्यात घालून मोकळं होणं हा एक रस्ता. दुसरा रस्ता स्वतः करण्याचा, आणि तो धरणारी घरं बरीच आहेत.

‘स्वतः करणं’ याचा अर्थ मात्र इथे नीट समजून घ्यायला हवा. परदेशी व्हिडिओंत नवरा-बायको शनिवार-रविवारी भिंत उखडून नवी लावताना दिसतात, कारण तिथल्या बऱ्याच घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या तक्त्यांच्या असतात. आपल्याकडे विटांची भिंत आणि आरसीसीचा स्लॅब. तिथे छिन्नी-हातोडा, सिमेंट आणि सरावलेला हात लागतो. त्यामुळे स्वतः करणं म्हणजे मोजमाप स्वतः घेणं, माल स्वतः निवडणं, गवंडी, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन वेगवेगळे लावून कामाचा क्रम आपल्या हातात ठेवणं, आणि शेवटची बरीच हातकामं खरोखर आपल्या हातांनी उरकणं. अशा माणसाचा मोठा फायदा एकच: टाइल बसण्याआधी खाली काय झालं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आणि खरं बाथरूम टाइलच्या खालीच असतं. दुकानात अर्धा दिवस टाइलचा रंग ठरवण्यात जातो, नळाच्या चकाकीवर पैसे पडतात आणि वॉटरप्रूफिंगच्या डब्याशी आल्यावर घासाघीस सुरू होते. हा क्रम उलटा करायला हवा. रंग न आवडलेली टाइल माणूस वीस वर्षं सहन करतो. झिरपणारं बाथरूम मात्र दोन वर्षांत पुन्हा फोडावं लागतं.

खाली नेमकं काय असतं? बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा ८ ते १२ इंच खाली घेतलेला असतो. याला सन्क स्लॅब म्हणतात. या खड्ड्यातून सांडपाण्याचे पाइप जातात. ते टाकून झाले की विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा माल यांनी खड्डा भरतात. हा ब्रिकबॅट कोबा. त्यावर फरशी. वरच्या फरशीचे सांधे उघडले की पाणी कोब्यात मुरतं आणि स्लॅबच्या कुंडात साचून राहतं. भरावाला सावकाश पाणी पाजल्यासारखंच ते. हळूहळू ओल स्लॅबमधल्या सळयांपर्यंत पोचते, सळया गंजतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून गंजणारी सळई आतून काँक्रीट फोडते आणि खालच्या घरात आधी डाग, मग पोपडे, मग गिलाव्याचा तुकडा खाली येतो. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्या तपासणीत संडास-बाथरूमखालचे स्लॅब मुद्दाम पाहिले जातात, ते याच कारणानं. बाथरूमची गळती म्हणजे इमारतीच्या हाडांचा प्रश्न आहे आणि तो दोन शेजाऱ्यांमधल्या कुरबुरीवर सोडणं योग्य नाही.

फोडायला घेण्याआधी गळतीचं मूळ शोधावं. याला कुठलंही यंत्र लागत नाही, थोडी शिस्त लागते. घरातले सगळे दोन दिवस बाहेर असतानाही खालच्या छताची ओल जशीच्या तशी राहिली, तर संशय भिंतीतल्या भरल्या नळाच्या पाइपवर घ्यावा. त्यात पाण्याचा दाब दिवसरात्र असतो. बाथरूमला येणारा मुख्य व्हॉल्व बंद ठेवून पाहिला आणि ओल सुकू लागली, की संशय पक्का. ओल आंघोळीनंतर काही तासांनी वाढत असेल तर जमिनीचे सांधे किंवा पाणी जाण्याच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपच्या भोवतालची जागा दोषी. फक्त फ्लश केल्यावर थेंब पडत असतील तर कमोडचा जोड. आणि पावसाळ्यातच ओल येत असेल तर बाथरूमला विनाकारण दोष देऊ नये, बाहेरची भिंत आणि डक्टमधले पाइप पाहावेत. फ्लशची टाकी आतल्या आत गळते का, हे पाहायची युक्ती तर फारच सोपी आहे. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही. कमोडमधल्या पाण्याला रंग आला, तर टाकीतलं रबर गेलं.

खर्च कोणाचा, यावरून सोसायट्यांत बैठका रंगतात. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा रोख स्पष्ट आहे. सामाईक बाह्य पाइपलाइनची गळती संस्थेनं दुरुस्त करायची. संडास, सिंक यांच्यामुळे घराच्या आतून होणारी गळती संबंधित सदनिकाधारकांनी आपसात मिटवायची. म्हणून काम सुरू करण्याआधी सोसायटीला पत्र द्यावं, त्यात कामाच्या तारखा आणि वेळा लिहाव्यात आणि खालच्या घराच्या छताचे फोटो त्यांच्यासमक्ष काढून ठेवावेत. नंतरचे निम्मे वाद तिथेच मिटतात. बीम, कॉलम किंवा स्लॅबला हात लावायचा नाही. एखादी भिंत काढायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्यावं.

मग तोडफोड. सुरुवात बाथरूमची वीज मेन स्विचवरून बंद करून होते, कारण गीझरच्या वायरी भिंतीतूनच गेलेल्या असतात आणि त्या कुठून गेल्या हे कोणालाच आठवत नसतं. कोबा उकरताना मोठं ब्रेकर मशिन स्लॅबवर चालवू देऊ नये. शेवटचा थर छिन्नीनं, हातानं काढायचा. स्लॅब उघडा पडला की तो झाडून, धुऊन बारकाईनं पाहावा. गंजलेली सळई दिसली तर वायर ब्रशनं घासून, गंजरोधक लेप देऊन, पॉलिमर मिसळलेल्या मालानं ती जागा भरावी. घाईचा मिस्त्री हीच पायरी गाळतो आणि घरमालक समोर उभा असेल तरच ती होते.

जुने जीआय पाइप कापून पाहिले तर पाऊण इंचाच्या पाइपात बोरूच्या जाडीचं भोक उरलेलं दिसतं. बाकी सगळी जागा गंज आणि क्षारांनी खाल्लेली. वरच्या मजल्यावर शॉवरला जोर नाही याचं कारण पुष्कळदा टाकीच्या उंचीत नसून इथे असतं. आता गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी वापरतात. साधा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याचा. तो गीझरच्या लाइनला लावला की मऊ पडतो. नळ जिथे बसणार तिथे पितळी आट्यांची फिटिंग घ्यावी, प्लॅस्टिकचे आटे दोन-तीनदा नळ बदलले की झिजतात. सांडपाण्यासाठी कमोडला ४ इंची आणि न्हाणीला ३ इंची पाइप. जुना बिडाचा पाइप बदलायचा असेल तर तो वरपासून खालपर्यंत सामाईक असतो, तेव्हा सोसायटीला बरोबर घ्यावं लागतं.

नहाणी ट्रॅप ही बाथरूममधली सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित वस्तू. त्याच्या वाटीत साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि तेवढंच पाणी गटारातला वास आणि झुरळं अडवून धरतं. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलेली मंडळी परत आली की बाथरूमला वास येतो, तो या वाटीतलं पाणी उडून गेल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो. उथळ वाटीचा ट्रॅप घेऊन वाचवलेले शंभर-दोनशे रुपये मग दर उन्हाळ्यात नाकाला कळतात.

पाइप जोडून झाले की टाइलवाल्याला बोलावण्याची घाई करू नये. सगळ्या तोंडांना बूच लावून, हातपंपानं दाब देऊन काही तास काटा हलतो का ते पाहावं. आणि टेप लावून फोटो काढावेत: भिंतीच्या कोपऱ्यापासून पाइप किती इंचांवर, जमिनीपासून किती उंचीवर. दहा वर्षांनी टॉवेलचा रॉड ठोकताना हे फोटो सोन्याच्या मोलाचे ठरतात. मिक्सर आणि पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर भिंतीत किती खोल बसणार, हे याच टप्प्यावर ठरतं. डायव्हर्टर पक्क्या टाइलच्या पातळीपेक्षा फार आत गेला तर पुढची चकती बसत नाही, बाहेर आला तर भिंत सोडून उभी राहते. कमोडचंही तसंच. पी ट्रॅपचं तोंड भिंतीत, पक्क्या जमिनीपासून साधारण १८० मिलिमीटरवर असतं. एस ट्रॅपचं जमिनीत, आणि भिंतीपासूनचं त्याचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं. भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवणाऱ्यांनी आधी कमोड निवडावा, मग पाइप टाकावा.

वॉटरप्रूफिंग दोनदा करायचं असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. एकदा स्लॅबच्या कुंडात, भराव टाकण्याआधी. दुसऱ्यांदा भरावावर, टाइलच्या लगेच खाली. भिंत आणि जमीन मिळते त्या काटकोनात आधी मालाची गोलाई करतात, मिस्त्री तिला वाटा म्हणतात, कारण काटकोनात लेपाला हमखास चीर जाते. पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जिथे बाहेर पडतो ती जागा सगळ्यात कमकुवत. तिथे न आकसणारा माल भरून वर जाळी आणि लेप. पॉलिमर-सिमेंटचा पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर सगळीकडे किमान फूटभर आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वर. कुंडाच्या तळातून एक बारीक पाइप डक्टमध्ये काढून ठेवण्याचीही पद्धत आहे. कधी काळी गळती झालीच, तर पाणी स्लॅबमध्ये मुरण्याआधी त्या पाइपातून ठिबकून स्वतःची खबर देतं.

लेप नीट वाळला की ट्रॅपला बूच मारून तीन-चार इंच पाणी भरायचं आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची. निदान ४८ तास. पाणी हवेत उडून थोडं खाली जातं, ते ठीक. पण खूण भराभर खाली सरकली किंवा खालच्या छताला ओल दिसली तर काम तिथेच थांबवावं आणि लेप पुन्हा करून घ्यावा. या दोन दिवसांत घरात चिडचिड होते, मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून जाण्याची धमकी देतो, पाहुण्यांचा फोन येतो. तरीही हे दोन दिवस सोडू नयेत.

भरावाचं वजन हा आणखी एक न दिसणारा हिशेब. ५ बाय ८ फुटांच्या बाथरूममध्ये फूटभर खोल कुंड म्हणजे ४० घनफूट. विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला तर साधारण दोन टन वजन त्या स्लॅबवर येतं. जुन्या इमारतीत हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे भरले तर हे वजन निम्म्याहून कमी होतं. पण हे ब्लॉक पाणी शोषतात, त्यामुळे वरचा लेप बिनचूक असण्याला पर्याय नाही.

टाइलचा हिशेबही याच मापावर पाहता येतो. चारी भिंतींची लांबी २६ फूट, ७ फूट उंचीपर्यंत लावायच्या तर १८२ चौरस फूट. दाराचे सतरा-अठरा वजा केले की १६५च्या आसपास. त्यावर कापणी-तुटीसाठी १० टक्के धरले तर २ फूट बाय १ फुटाच्या सुमारे ९० टाइल्स. सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर एकच आहे ना, हे दुकानातच तपासावं. नंतर आणलेल्या चार टाइल्स त्याच नावाच्या असूनही भिंतीवर वेगळ्या दिसतात.

जमिनीला मोठ्या टाइल्सची सध्या फार चलती आहे, पण लहान बाथरूममध्ये त्या उताराच्या आड येतात. पाणी चारी बाजूंनी एका जाळीकडे वळायचं तर फरशीला चार दिशांचे उतार द्यावे लागतात आणि ते एक फुटी टाइलला सहज जमतं. उतार पाच फुटांना एक इंच पुरे. त्याहून कमी असेल तर डबकं राहतं, फार जास्त असेल तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. जमिनीची टाइल खरखरीत, न घसरणारी हवी. दुकानात तिच्यावर थोडं पाणी टाकून अंगठा फिरवून पाहावा. मिस्त्रीकडे ओळंबा, गुण्या आणि पाणसळ असतेच, ती वापरली जाते ना एवढं बघावं. टाइल बसवून झाल्यावर एका नाण्यानं प्रत्येक टाइल वाजवावी. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर खाली माल पोचलेला नाही. ती टाइल दरज भरण्याआधीच काढून पुन्हा बसवून घ्यावी.

विजेचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं, इथे स्वतःचा हात चालवू नये. पंधरा लिटरचा गीझर साधारण २००० वॉट घेतो. त्याला स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा पॉइंट, खरंखुरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी हवा. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कधीच बसवू नये. त्याच्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे आंघोळीला गेलेलं माणूस त्यानं गुदमरल्याची बातमी येते. एक्झॉस्ट फॅन बसवताना आत हवा येण्यासाठी दाराखाली फट किंवा दारात जाळी ठेवावी, नाहीतर पंखा नुसताच फिरतो.

घरात वृद्ध असतील तर दोन गोष्टी आत्ताच ठरवाव्यात. आधाराचा दांडा विटांच्या भक्कम भिंतीत अँकर मारून बसवावा, रबरी चोषकाचे दांडे भरवशाचे नसतात. आणि दार बाहेर उघडणारं, बाहेरूनही कडी काढता येणारं असावं. आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार अडकून बसलं तर मदतीला कोणी पोचू शकत नाही.

ज्यांचं बाथरूम गळत नाही, नुसतं जुनाट दिसतं, त्यांनी फोडाफोड करूच नये. दोन रविवारांत आपल्या हातांनी बरंच करता येतं. टाइलच्या काळवंडलेल्या दरजा हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं दोन-तीन मिलिमीटर खरवडाव्यात, भुकटी ब्रशनं झाडावी, एक दिवस पूर्ण कोरडं ठेवावं आणि मग इपॉक्सी ग्राउट भरावा. तो पाणी शोषत नाही, पण लवकर घट्ट होतो, म्हणून एका वेळी मूठभरच कालवायचा आणि ओल्या स्पंजनं तिरकं पुसत पुढे जायचं. नळ बदलताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना तीच सुटून येते. टपकणाऱ्या जुन्या नळाला पुष्कळदा नुसता वायसर पुरतो. टाइलला भोक पाडताना आधी कागदी टेप चिकटवावी आणि ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा. जुनी फ्लश टाकी एका वेळी १० लिटरच्या आसपास पाणी सोडते, नवी दुहेरी बटणाची ३ किंवा ६ लिटर. पाण्याच्या टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हा एकच बदल बिलात दिसतो. आणि स्वच्छतेसाठी ॲसिड आणू नये. ते सिमेंटच्या दरजा खातं, नळांचा मुलामा उडवतं, आणि ब्लीचिंगशी संपर्क आला तर विषारी क्लोरीन सोडतं. पांढऱ्या क्षारांना व्हिनेगर किंवा लिंबाचं सत्त्व पुरतं.

उरला राडारोडा. एका बाथरूममधून दीड-दोन टन तो सहज निघतो. बांधकाम कचऱ्याच्या नियमांनी त्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली आहे. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा त्यासाठीच आहे. रात्री नाल्याच्या काठाला गोणी रिकामी करून येणाऱ्या टेम्पोवाल्याला पैसे देऊ नयेत, कारण तो भराव पुढच्या पावसाळ्यात त्याच वस्तीचं पाणी तुंबवतो. गोण्या अर्ध्याच भराव्यात, लिफ्टनं नेऊ नयेत आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर जुनी चादर अंथरावी. भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्सचं एकेक खोकं मात्र या गर्दीत फेकलं जाणार नाही याची काळजी घ्यावी. ते माळ्यावर, पाइपांच्या फोटोंसोबत आणि बिलांसोबत ठेवायचं असतं.